देवाजी मिस्त्रींचा परदेशी उपास

देवाजी मिस्त्री एखाद्या राईस मिलमध्ये कामाला गेले, की दुपारी मिलवाल्याच्या घरून ताट येई आणि देवाजी मिस्त्री त्या ताटावर आपला दुपट्टा पांघरत. झाकत नसत, पांघरतच. झोपलेल्या लेकराच्या अंगावर घालावा तसा, चारही कोपरे नीट खोचून. ताटात वांग्याची भाजी आहे की मटण, हे डोळ्याच्या कोपऱ्यातूनही बघायचं नाही. मग यंत्राकडे वळायचं, त्याच्या पत्र्यावर तळहाताने दोनदा थापटायचं आणि जाहीर करायचं, "पहिले तिचं पोट, मंग माहं."

ती म्हणजे यंत्र. मिल सुरू होऊन खाली अख्खा तांदूळ पडू लागेपर्यंत त्या घरचा दाणा देवाजींच्या तोंडात जात नसे. शिजलेला नाही, भाजलेला नाही, कच्चाही नाही. पाणी चाले. चहा चाले. चहासोबत मुरमुरे आले की बशी हळूच परत सरकवली जाई. स्वतःच्या घरचे भाजलेले पोहे, फुटाणे, गूळ आणि जवसाची चटणी अशी शिदोरी एका पितळी डब्यात कायम बरोबर असे. आमचा भंडारा जिल्हा म्हणजे नुसतं धान. गावोगावी तळी, तळ्यांखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली लहान लहान शेतं, आणि दर दोन-चार गावांआड एक राईस मिल. त्या सगळ्या मिलवाल्यांच्या बायका देवाजींच्या दुपट्ट्यावर मनोमन दात-ओठ खात, आणि मिल सुरू झाली की त्याच बायका त्यांना आग्रह करकरून वाढत.

हा नेम त्यांच्या उस्तादाने घालून दिला होता. उस्ताद आंधळगावचे. तरुणपणी एका मिलमध्ये आधी जेवले, तेही मटण, तेही पोटभर, आणि तिथेच पोत्यांवर आडवे झाले. जागे झाले तेव्हा संध्याकाळ झाली होती. घाईघाईत पट्टा चढवला, तो तुटला, त्याने चाक फोडलं, आणि ऐन हंगामात ती मिल आठ दिवस बंद पडली. तेव्हापासून उस्तादांनी स्वतःलाही शिक्षा केली आणि शिष्यांनाही. देवाजी ही गोष्ट इतक्या वेळा सांगत, की मटणाचा रस्सा किती तिखट होता हेसुद्धा आम्हाला पाठ होतं.

आमचा कारखाना भंडाऱ्याच्या बाहेर, तुमसर रस्त्याला. धानाची सालपटं काढायची छोटी यंत्रं आम्ही बनवतो. तिथे माझं काम बोलायचं आणि देवाजींचं काम न बोलायचं. मी यंत्रं विकतो, पत्रं लिहितो, इंग्रजीत हसतो. देवाजी यंत्र जोडून, चालवून, पास करून पाठवत. त्यांनी पास केलेलं एकही यंत्र कधी परत आलं नव्हतं. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. पण दुसऱ्या कुणी सांगितली, की सदऱ्याच्या खिशातली पेन्सिल काढून कानावर ठेवत. देवाजींना आनंद झाल्याची तेवढीच खूण.

आणि मग एक यंत्र सार्डिनियाला गेलं.

सार्डिनिया हे इटलीचं बेट, भूमध्य समुद्रातलं. तिथेही धान होतं, हे मला ते यंत्र विकताना कळलं. जुलियो नावाच्या माणसाचं पिढीजात शेत. आजवर तो धान मोठ्या मिलला देऊन टाकत असे. आता त्याला स्वतःचा तांदूळ स्वतः काढून स्वतःच्या नावाने विकायचा होता. इंटरनेटवर आमचं यंत्र दिसलं, मी माझ्या इंग्रजीत त्याच्याशी पुष्कळ हसलो, आणि यंत्र लाकडी पेटीत बसून समुद्रापार गेलं. दोन महिन्यांनी त्याचा व्हिडिओ आला. यंत्र सुरळीत फिरत होतं आणि खाली पडत होती कनकी. म्हणजे तुटका तांदूळ. अख्खा दाणा शोधावा लागत होता. व्हिडिओच्या शेवटी जुलियोने कॅमेरा अंगणाकडे फिरवला. आमचीच लाकडी पेटी तिथे झाकण उघडं टाकून उभी होती.

कारखान्याच्या शेठजींनी आम्हाला दोघांनाही बोलावलं. देवाजींनी व्हिडिओ तीनदा पाहिला. आवाज मोठा करून, डोळे मिटून.

"आवाज तं बरोबर आहे जी," ते म्हणाले. "मंग तांदूळ काहून रडून राहिला?"

"जाऊन बघा," शेठजी म्हणाले. "हे भाऊ येतील बोलायला. पाच दिवस देतो म्हणते तो माणूस. शनिवारी दुपारी ट्रक येईल. नाही जमलं तर यंत्र पेटीत."

देवाजींनी खिशातून आपला पाना काढला. दांडा झिजून चांदीसारखा झालेला, दुसऱ्या कुणाला हात लावू न दिलेला. तो टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "माह्या हातचं यंत्र त्या पेटीत बसलं, तं हा पाना मी ठेवला. मंग मले कामावर बोलवू नका."

शेठजींना वाटलं माणूस रागात बोलतोय. मला वाटलं, फुकटात इटली! आमच्या दोघांचंही चुकत होतं.

देवाजी तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते. एकोडीच्या घरून निघताना बायकोने त्यांचा पितळी डबा काठोकाठ भरून दिला. विमानतळावर तो उघडला गेला, तेव्हा तपासणीच्या साहेबाने जवसाच्या चटणीचा वास घेतला आणि असा शिंकला, की मागची रांग दोन पावलं सरकली. "औषध आहे का?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "एका परीने."

सोमवारी संध्याकाळी पोचलो. जुलियोची मिल गावाबाहेर, शेतातच. खाली मिल, वर घर, आणि वरच्या घरात त्याची आई, आसुन्ता. ऐंशीच्या आसपास, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत, कमरेला काळाच एप्रन, आणि नजर अशी की माणूस आपोआप चपला नीट लावून ठेवतो. देवाजींनी तिला पाहताक्षणी वाकून नमस्कार केला आणि 'माय' म्हणायला सुरुवात केली. तिला मराठी येत नव्हतं, त्यांना इटालियन येत नव्हतं, पण माय या शब्दाला तिने ओ दिली.

आणि टेबल! वाचकहो, त्या टेबलाचं वर्णन मी शांतपणे करू शकत नाही. पापडासारखी पातळ, कुरकुरीत, परातीएवढी भाकरी. मेंढीच्या दुधाचं चीज. माशाची अंडी मिठात वाळवून त्यांची वडी करतात, ती किसून शेवयांवर भुरभुरलेली. अळूच्या गड्ड्यासारखा दिसणारा एक काटेरी गृहस्थ, म्हणजे तिथली फुलाच्या कळीची भाजी, तेलात तळून नम्र केलेला. आणि मधोमध, सन्मानाने, त्या घरचा भात.

देवाजींनी खांद्यावरून दुपट्टा काढला आणि आपल्या ताटावर पांघरला. चारही कोपरे खोचून.

आसुन्ताने मुलाकडे पाहिलं. मुलाने माझ्याकडे. आता खरं सांगायला हवं होतं. पण उस्ताद, मटण, पट्टा, चाक हे सगळं इंग्रजीत सांगेपर्यंत शेवया गार झाल्या असत्या. मी म्हटलं, "त्यांचा उपास आहे."

"कोणत्या संताचा?" आसुन्ताने विचारलं, जुलियोने मला सांगितलं.

"यंत्राच्या देवाचा," मी म्हणालो. अगदीच खोटं नव्हतं. आसुन्ताने छातीवर क्रूस काढला, देवाजींसाठी एक मेणबत्ती लावली आणि त्यांच्या वाटणीच्या शेवया मला वाढल्या. मी त्या दुःखी चेहऱ्याने संपवल्या.

वर खोलीत देवाजी फुटाणे खात होते. "काय सांगितलं जी तुमी तिले?"

"उपास आहे म्हटलं."

"मंग तुमी काहून एवढं खाल्लं? तुमाले नाही का देव?"

मंगळवारी देवाजींनी यंत्र उघडलं. आतल्या दोन रबरी रोलांमधली फट आमच्याकडच्या बारीक, लांबट धानासाठी ठेवलेली होती आणि इथला दाणा आखूड, गोलमटोल. त्यांनी फट वाढवली. कनकी. आणखी वाढवली, वेग कमी केला. कनकी. रोल बदलले, चाळणी बदलली, यंत्राखाली पाचर मारून ते पाण्याच्या वाटीने समतल केलं. कनकी, कनकी, कनकी. दुपारी ताट आलं, दुपट्टा पांघरला. मी दोघांच्या वतीने जेवलो आणि जुलियोच्या सायकलवरून गाव बघून आलो. बुधवारी पुन्हा तेच. यंत्राला कान लावून बसलेले देवाजी, वर वाफाळणारा भात, आणि अंगणात ती पेटी, आत डोकावून बघावं अशी उघडी.

बुधवारी संध्याकाळी आसुन्ताने जुलियोमार्फत विचारलं, "उपास कधी सुटतो?"

"यंत्र चांगलं चालेल तेव्हा," मी म्हणालो. या एका वाक्यात मी सापडलो. ती म्हातारी चार पिढ्यांचा धंदा बघितलेली. तिने खुर्ची ओढून माझ्या समोर घेतली आणि बोट नाचवत असे काही प्रश्न विचारले, की मी उस्तादासकट, मटणासकट, पट्ट्यासकट सगळं कबूल केलं. तिने ऐकून घेतलं आणि ती उठून गेली. माझ्यापुढचं चीजही घेऊन गेली.

गुरुवारी दुपारी ताट वर वाढलं गेलं नाही. आसुन्ता स्वतः जिना उतरून मिलमध्ये आली. एका हातात भाताचं ताट, दुसऱ्या हातात रिकामं खोकं. खोकं यंत्रासमोर पालथं घातलं, त्यावर बसली, आणि ताट मांडीवर घेतलं. खात नव्हती. देवाजींकडे बघत होती.

"माय काहून बसली?" देवाजींनी मला विचारलं.

मी जुलियोला विचारलं. जुलियो लाजला. "आई म्हणते, हा जेवणार नसेल तर मीही जेवणार नाही."

"न बाप्पा! म्हाताऱ्या माणसानं उपाशी नाही राहू. सांगा तिले, हा माह्या उस्तादाचा नेम आहे. ह्या घरचा दाणा तोंडात नाही जात."

मी सांगितलं. जुलियोने सांगितलं. आसुन्ता एवढं हसली, की ताट हिंदकळलं. मग जे बोलली ते जुलियोने मान खाली घालून मला सांगितलं आणि मी जसंच्या तसं देवाजींना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी भाषांतरात पदरचं काही घातलं नाही.

"म्हणते, माझा तांदूळ आजारी आहे म्हणून हा डॉक्टर सात समुद्रांपलीकडून आला. तीन दिवस झाले, रोग्याची जीभ बघायला तयार नाही. असला कसला डॉक्टर?"

देवाजींचा हात यंत्राच्या पत्र्यावर होता, तो तिथेच राहिला. मला वाटलं आता रागावतील. पण ते हळूच म्हणाले, "भाऊ, आपल्याकडं मी कदी कोनाच्या मिलमंधी दाणा चावून नाही पाहिला."

"माहीत आहे न जी."

"गरजच नोहोती. सारं धान आपल्याच मातीतलं. माह्या बांधीत जे पिकते तेच. लहानपणापासून तेच खाऊन राहिलो. मले ते न चावताच समजते." ते थांबले. "हे धान मी कुठं खाल्लं आहे?"

त्यांनी यंत्राच्या वरच्या हॉपरमध्ये, म्हणजे धान ओतायच्या पेटाऱ्यात, हात घातला, धानाचा एक दाणा काढला, नखाने सालपट सोललं. दाणा तळहातावर ठेवून डोळे मिटले. उस्तादाची माफी मागत असावेत. मग तो समोरच्या दातांखाली धरून चावला.

कट् असा आवाज यायला हवा होता. आला, पण अर्धाच. देवाजींनी दुसरा दाणा चावला. तिसरा, चौथा. डोळे उघडले तेव्हा माणूसच वेगळा होता. "वरून कडक, आतून नरम! भाऊ, हे धान वाळलंच नाही जी, वाळल्यासारखं दिसून राहिलं! येतं कुठून हे?"

धान भिंतीपलीकडून एका नळीतून येत होतं. भिंतीपलीकडे काय आहे, हे तीन दिवसांत कुणी विचारलं नव्हतं. देवाजी जवळजवळ धावत गेले. पलीकडच्या शेडमध्ये गरम हवेचं मोठं ड्रायर होतं. शेतातून धान आलं की तिथे झटपट वाळत असे आणि तसंच, अंगातली ऊब न जाता, नळीतून आमच्या यंत्रात. जुलियो म्हणाला, "पण मीटर तर बरोबर दाखवतं."

"मीटरले दात आहेत का?" देवाजी म्हणाले. हे मात्र मी थोडं सौम्य करून सांगितलं.

मग देवाजी बोलू लागले. न बोलणारे देवाजी. हात हलवत, पावलं टाकत, एकोडीचं अख्खं शेत त्या शेडमध्ये उभं करत. आमच्याकडे धान कापतात, बांधतात, पेंढ्यांची पुंजणं रचतात, मळतात, मग ते घरच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, जाऊन पडतं, आणि कधीतरी पोत्यात बसून मिलमध्ये येतं. "सारा रस्ता ते आराम करत येते जी. आतलं पाणी बाहेर याले त्याले टाइम भेटते. इतं बिचाऱ्याले भट्टीतून काढलं अन् सरळ सालपट काढाले पाठवलं. अंगात ताप असताना कामाले लावलं. तुटनार नाही तं काय करनार?"

"मग उपाय?" जुलियोने विचारलं.

"निजू द्या त्याले. सावलीत पसरवा, जाड थर नोको. शनिवारी सकाळी उठवू."

जुलियोने घड्याळ पाहिलं, पेटी पाहिली. शनिवारी दुपारी ट्रक. देवाजींचं सगळं म्हणणं खरं ठरलं तरी हाती एकच सकाळ होती, आणि खोटं ठरलं तर दुसरं काही करून बघायला एक तासही नव्हता. त्याने खांदे उडवले आणि फावडं आणलं. आम्ही तिघांनी मिळून शेडच्या फरशीवर धान पसरलं. आसुन्ता खोक्यावरून हलली नव्हती. काम झाल्यावर देवाजी हात धुऊन आले, तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि ताट मागितलं.

केशर घातलेला, मेंढीच्या चिजाचा, सरबरीत भात. देवाजींनी पहिला घास घेतला आणि चेहरा गंभीर झाला. "माय, कच्चा ठेवला तू."

"त्यांच्याकडे असाच, मध्ये जरा दाताला लागेलसा ठेवतात," मी म्हटलं.

"असं का?" त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. "मंग बरोबर आहे." आणि मग त्या माणसाने जे जेवण केलं, ते बघून माझ्या पोटातल्या तीन दिवसांच्या शेवयांना आपण उगाच आल्यासारखं वाटलं. आसुन्ता वाढत होती, स्वतःही त्याच पातेल्यातून खात होती, आणि प्रत्येक वाढपाला देवाजींच्या खांद्यावर एक चापट मारत होती.

शुक्रवार. धान निजलेलं. करण्यासारखं काहीही नाही. मी देवाजींना म्हटलं, "मिस्त्री, आता तरी बेट बघू." जुलियोने गाडी काढली. आसुन्ताही पुढच्या सीटवर येऊन बसली, कारण तिच्या मते तिच्या मुलाला कुठे काय खावं हे कळत नव्हतं.

देवाजींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. चपला हातात घेऊन पाण्यात उभे राहिले, ओंजळ भरून चव घेतली, थुंकले. "एवढं पानी," ते हळहळले, "अन् एका बांधीच्या कामाचं नाही." किनाऱ्याजवळच्या खाडीत गुलाबी रोहित पक्षी एका पायावर उभे होते. देवाजी त्यांना बघून म्हणाले, आमच्याकडच्या सारसाचे हे मावसभाऊ दिसतात, शहरात राहून रंगले. तिथलाच एक कोळी गवताच्या पेंढ्या बांधून केलेल्या होडीतून मासे धरत होता. देवाजींनी ती होडी चारही बाजूंनी तपासली, गाठी मोजल्या आणि त्या माणसाशी अर्धा तास बोलले. कोणत्या भाषेत, ते मला विचारू नका. दोघंही माना हलवत होते.

मग जुलियोने एक दगडी बुरूज दाखवला. हजारो वर्षांपूर्वीचा, चुना-माती काही नाही, नुसते दगड रचलेले. कुणी म्हणतं किल्ला, कुणी म्हणतं देऊळ, विद्वानांचं अजून ठरत नाही, असं जुलियो म्हणाला. देवाजी वाकून आत गेले, थंड भिंतीला हात लावला, वर पाहिलं. "ढोली आहे ही," बाहेर येऊन त्यांनी निकाल दिला. "धान्य ठेवाची. आत कसा गारवा आहे पाहा न." मी विद्वानांना कळवतो म्हटलं.

दुपारी आसुन्ताने एका खाणावळीत मुलाला बाजूला सारून स्वतः ऑर्डर दिली. करंजीच्या आकाराचं काहीतरी आलं, तळलेलं, वरून मध ओतलेला. देवाजींनी चावलं आणि आतून गरम चीज ओघळलं. "बाप्पा! सारण ठेवाच्या जागी दह्याचा चक्का ठेवला, अन् गोडही लागते!" त्यांनी दोन खाल्ल्या. मग जवसाच्या चटणीची पुडी काढून आसुन्तासमोर उघडली. तिने बोटाने चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने पुडीची घडी घालून ती सरळ आपल्या काळ्या एप्रनच्या खिशात टाकली. परत केली नाही.

पण परतताना गाडीत देवाजींना शनिवार आठवला. खिशात हात घालून पान्याचा दांडा चाचपत होते. "भाऊ," ते म्हणाले, "दिवस मोठा चांगला गेला जी. उद्या नाही जमलं तरी आजचा दिवस खोटा नाही होनार न?" "नाही होणार जी," मी म्हणालो. ज्याचं पोट बोलण्यावर चालतं, त्याचं वाक्य इतक्या लवकर क्वचित संपतं.

शनिवारी उजाडता उजाडता देवाजी शेडमध्ये होते. फरशीवरच्या प्रत्येक कोपऱ्यातला एकेक दाणा उचलून चावत होते. मी दाराशी उभं राहून ऐकत होतो. कट्. कट्. कट्. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण पेन्सिल खिशातून कानावर गेली.

धान हॉपरमध्ये भरलं. जुलियोने बटण दाबलं. यंत्र फिरू लागलं, आवाज तोच, मंगळवारपासूनचा, आणि खालून तांदूळ पडू लागला. जुलियो वाकला. देवाजी वाकले नाहीत. ते आसुन्ताकडे बघत होते. तिने एप्रनचा काळा पदर धारेखाली धरला, भरला, उजेडात नेला आणि हाताने पसरला. काळ्या कापडावर पांढरे, गोल, अख्खे दाणे. मधूनच एखादा तुटका. तिने बोटाने तुटके बाजूला केले. चिमूटभरसुद्धा भरले नाहीत.

ती तशीच, पदर धरून, मिलच्या दारापर्यंत गेली आणि अंगणातल्या पेटीकडे बोट करून मुलाला काहीतरी ओरडून सांगितलं. जुलियो हसत कुऱ्हाड घेऊन आला. दुपारी ट्रकवाला पोचला तेव्हा आमच्या पेटीच्या फळ्या आसुन्ताच्या भट्टीत जळत होत्या आणि वर भाकऱ्या फुगत होत्या. ट्रकवाल्यालाही एक मिळाली. देवाजींनी भट्टीसमोर बसून, पाना मांडीवर ठेवून, चार खाल्ल्या.

संध्याकाळी विमानतळावर बसून मी शेठजींसाठी रिपोर्ट लिहिला. झकास जमला होता. ग्राहकाच्या ड्रायरमध्ये दोष होता, आमच्या अनुभवी मिस्त्रींनी तीन दिवस सखोल संशोधन करून तो शोधला, वगैरे. देवाजी म्हणाले, वाचून दाखवा. मी आवाज लावून वाचला.

"संशोधन कायचं जी?" ते म्हणाले. "पयल्या दिवशी दाणा चावला असता तं पयल्याच दिवशी समजलं असतं. तीन दिवस माह्या हट्टात गेले. ते लिवा."

"मिस्त्री, हे शेठजी वाचतील."

"वाचाले म्हनूनच लिवतात न?"

"अहो, यंत्र राहिलं, पाना राहिला, झालं न! कशाला अंगावर घेता?"

"माह्यानंतर जो मिस्त्री जाईल, त्याले कोन सांगन? माह्या उस्तादाची चूक मले ठाऊक होती म्हनून मी कदी काम सोडून निजलो नाही. माही चूक कोनाले ठाऊक पायजे का नाही?"

मी लिहिलं. "नवीन गावी, नवीन धान असेल तर मिस्त्रीने आधी दाणा चावून पाहावा आणि धान कसं वाळलं ते विचारावं. मी हे केलं नाही, म्हणून तीन दिवस वाया गेले." भंडाऱ्याला पोचल्यावर कागद छापला. देवाजींनी खाली सही केली. प्रत्येक अक्षर वेगळं, रोलच्या फटीसारखं मोजून.

शेठजींनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, घातला. मी छताच्या पंख्याकडे बघत होतो.

"चाळीस वर्षांत तुमी पहिल्यांदा चूक लिहून दिली, मिस्त्री."

"चाळीस वर्षांत कोनी कागदच देल्ला नाही जी."

शेठजी हसले नाहीत. त्यांनी कागदाला टाचणी लावली आणि कारखान्यात जिथे सगळे फिटर सकाळी हजेरी लावतात, तिथल्या फळ्यावर तो स्वतः जाऊन लावला. अजून तिथेच आहे, पिवळा पडलाय. परत येऊन खुर्चीत बसले आणि टेबलाच्या खणातून एक पत्र काढलं. "मादागास्करहून आलं आहे. तिकडं लई धान होते म्हणतात. दोन यंत्रं पाहिजेत, अन् लावून द्यायला माणूस पाहिजे. तुमी आता बासष्टीत चालले. जाता का? नाही म्हणाल तरी चालेल."

देवाजींनी पत्र हातात घेतलं. इंग्रजी होतं, तरी वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं,

"भाऊ, तिकडचे लोकं भात कशासंग खातात जी?"